भांग, मद्य आणि सणाची ढाल

धुळवडीच्या सकाळी बोरिवलीपासून अंधेरीपर्यंत आणि मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत अनेक गृहसंकुलांत सारखाच देखावा असतो. आवारात मुले पिचकाऱ्या घेऊन धावत असतात, महिला मंडळ अल्पोपाहाराच्या तयारीत असते आणि एका कोपऱ्यात थंडाईचे पिंप मांडलेले असते. अलीकडे या देखाव्यात आणखी एका गोष्टीची भर पडू लागली आहे. ती आवारात दिसत नाही. ती गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला असते. तिथल्या थंडाईत भांग असते आणि भांगेच्या जोडीला मद्याची बाटली. कोणी दोन्ही एकाच पेल्यात मिसळतो, कोणी एकामागून एक घेतो. कोणी हटकलेच तर उत्तर तयार असते : "सण आहे, आणि भांग तर शंकराची!"

हे उत्तर देणाऱ्याच्या मनात कपट असतेच असे नाही. गावाकडच्या आजोबांनी महाशिवरात्रीला भांगेचा प्रसाद घेतल्याची आठवण असते, चित्रपटांतील होळी डोळ्यांसमोर असते आणि मागच्या वर्षी मित्राने घेतली तेव्हा त्याला काही झाले नाही, हा अनुभवही गाठीशी असतो. परंतु जी गोष्ट सणाच्या नावाने घरात शिरते, ती सणाच्याच कसोटीवर घासून पाहिली पाहिजे. भांग आणि मद्य यांचे मिश्रण ही परंपरा आहे काय? ते कायद्यात बसते काय? आणि शरीराला ते सोसते काय? या तिन्ही प्रश्नांचे प्रामाणिक उत्तर नकारार्थीच येते.

परंपरा नेमके काय सांगते?

भांग या भूमीला परकी नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. आयुर्वेदात तिचे नाव विजया. शार्ङ्गधर संहितेत 'व्यवायी' द्रव्याचे, म्हणजे पचनापूर्वीच सर्व शरीर व्यापणाऱ्या द्रव्याचे लक्षण सांगताना उदाहरण दिले आहे ते भांग आणि अफू यांचेच. औषधात योजण्यापूर्वी तिचे शोधन करावे, दुधाचा अथवा तुपाचा संस्कार करावा, असा वैद्यांचा प्रघात आहे. पोर्तुगीज राजवटीने मुंबई बेट ज्यांना भाडेपट्ट्याने दिले होते, त्या गार्सिया द ओर्ता या वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या औषधिविषयक ग्रंथात भांगेवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. ब्रिटिश सरकारने १८९३-९४ मध्ये नेमलेल्या भांग-गांजा चौकशी आयोगाने देशभरातून हजाराहून अधिक साक्षी नोंदवल्या. मर्यादित सेवनाने सामान्यतः लक्षणीय हानी होत नाही, अतिसेवन मात्र हानिकारक ठरते आणि सरसकट बंदी आवश्यकही नाही व इष्टही नाही, असा त्या आयोगाचा निष्कर्ष होता.

भांगेचे समर्थक बहुधा इथेच थांबतात. परंतु शास्त्र इथे थांबत नाही. चरकसंहितेत मद्याचे दहा गुण सांगितले आहेत आणि 'व्यवायी' हा त्यांपैकीच एक. मद्याच्या अतिरेकातून उद्भवणाऱ्या मदात्यय या विकारासाठी चिकित्सास्थानात स्वतंत्र अध्याय आहे. म्हणजे शरीर झपाट्याने व्यापणारी द्रव्ये म्हणून ज्या दोहोंविषयी शास्त्रकारांनी सावध केले, त्याच दोहोंना एका पेल्यात आणून त्याला परंपरा म्हणण्याचा हा प्रकार आहे.

लोकाचारातही हेच दिसते. भांग घोटली जाते ती दूध, बदाम, बडीशेप, मिरी यांच्या संगतीने. वर्षातून एखाद्या दिवशी. जाणत्या माणसाच्या हाताने आणि त्याच्याच नजरेसमोर. महाशिवरात्र हा तर उपवासाचा दिवस. त्या दिवशी मद्याचा विचारही अनेक घरांत निषिद्ध. महाराष्ट्राच्या घरगुती होळीत मान पुरणपोळीच्या नैवेद्याचा. उपनगरांत भांगेची थंडाई रुळली ती बव्हंशी उत्तर भारतीय, राजस्थानी आणि गुजराती शेजाऱ्यांच्या सहवासात. त्यात गैर काही नाही. एकमेकांचे सण साजरे करणे ही या महानगराची जमेची बाजू आहे. परंतु शेजाऱ्याचा पेला उचलायचा तर त्या पेल्याचे नियमही उचलावे लागतात. नियम सोडून केवळ नशा उचलली, तर उरते ते व्यसन, सण नव्हे.

मद्यार्कात या वनस्पतीचा अर्क काढण्याचा प्रयोग या देशात झालाच नाही असे मात्र नाही. कोलकाता येथील वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टर ओशॉनेसी यांनी १८३९ च्या सुमारास असा अर्क सिद्ध केला आणि धनुर्वातासारख्या रोगांत तो वापरून पाहिला. पण ते औषध होते, थेंबांनी मोजून द्यावयाचे. गच्चीवरच्या पेल्यात थेंब कोण मोजतो?

एक वनस्पती, दोन कायदे

"भांग तर कायदेशीर आहे," हे विधान सुशिक्षितांच्या तोंडीही सर्रास ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे, आणि अर्धे सत्य न्यायालयात उपयोगी पडत नाही.

केंद्राच्या १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात, जो एनडीपीएस या नावाने ओळखला जातो, या वनस्पतीची राळ म्हणजे चरस आणि फुलोरा म्हणजे गांजा हे दोन्ही निषिद्ध आहेत. व्याख्या एवढ्यावर संपत नाही. त्यांचे कोणतेही मिश्रण आणि त्यांपासून तयार केलेले कोणतेही पेय यांचाही तीत स्पष्ट समावेश आहे. वगळलेली आहेत ती शेंड्यांविना असलेली पाने आणि बिया. भांग पानांची असते. म्हणून ती या केंद्रीय कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२२ साली भांग बाळगल्याच्या एका प्रकरणात जामीन देताना हाच भेद मान्य केला.

परंतु केंद्राने जे सोडले ते राज्याच्या हाती आले. उत्तर प्रदेश आणि राजस्थान या राज्यांत परवानाधारक दुकानांतून भांग विकली जाते. महाराष्ट्रात तशी मोकळीक नाही. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, जो आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा या नावाने लागू आहे, भांगेची गणना मादक द्रव्यांत करतो. परवान्याविना ती तयार करणे, बाळगणे वा विकणे हा इथे गुन्हा आहे. काशीच्या दुकानात जे उघड मिळते, तेच कांदिवलीच्या गच्चीवर अपराध ठरू शकते.

मद्याची बाजूही तितकीच काटेकोर आहे. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वयाची २१ वर्षे आणि अन्य मद्यासाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात, शिवाय परमिट लागते. धुळवडीच्या गच्चीवर अठरा-एकोणीस वर्षांची महाविद्यालयीन मुले असतात. त्यांच्या हातातील पेल्यात भांग नसती, तरी तो पेला बेकायदाच ठरला असता.

मालाडच्या बेकरीचा धडा

यापुढची पायरी अधिक गंभीर आहे. पानांच्या भांगेऐवजी गांजा अथवा चरस यांचा अर्क खाद्यपदार्थांत मिसळण्याची रीत पाश्चात्त्य देशांतून इथे येऊन पोहोचली आहे. २०२१ च्या जुलै महिन्यात केंद्राच्या अमली पदार्थ नियंत्रण विभागाने, म्हणजे एनसीबीने, मालाडमधील एका बेकरीवर छापा घातला. तिथे गांजा मिसळलेले ब्राउनी नावाचे चॉकलेटी केक हाती लागले, त्यांचे वजन सुमारे ८३० ग्रॅम होते आणि तिघांना अटक झाली. दिसायला तो केक वाढदिवसाच्या केकसारखाच. आईने मुलाच्या दप्तरात पाहिला असता, तर तिला संशय कशाचा आला असता?

केकचे जे झाले ते पेयाचे होण्यास वेळ लागत नाही. या वनस्पतीतील नशा आणणारा घटक, संक्षेपाने टीएचसी, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तो स्निग्ध पदार्थात आणि मद्यार्कात विरघळतो. भांगेला दूध-तूप लागते ते याच कारणाने, आणि मद्याच्या बाटलीत तिचा अर्क सहज मुरतो तोही याच कारणाने. रंग किंचित हिरवट, वास मसाल्याखाली दडलेला. प्रमाण किती, हे बनवणाऱ्यालाही सांगता येत नाही.

कायद्याच्या दृष्टीने हे अज्ञान महागात पडू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली असा निर्णय दिला, की जप्त मालाचे प्रमाण ठरवताना केवळ शुद्ध अमली घटक न मोजता त्यात मिसळलेल्या अन्य पदार्थासह संपूर्ण मिश्रणाचे वजन धरावे. चरसाची अल्प मात्रा मानली जाते १०० ग्रॅमपर्यंत आणि व्यापारी मात्रा १ किलोपासून. व्यापारी मात्रेला किमान १० वर्षे सश्रम कारावास आहे. चिमूटभर चरस लिटरभर पेयात घातला आणि हेच तत्त्व त्या पेयाला लावले गेले, तर 'गंमत' म्हणून केलेल्या उद्योगाचा हिशेब कुठे जाईल, याची कल्पना वाचकांनीच करावी. बाटली कोणाच्या घरात सापडली हे कायदा आधी पाहतो. गंमत होती की धंदा, हे पुढे न्यायालयात सिद्ध करावे लागते.

शरीरात काय घडते?

मद्याचा अंमल अर्ध्या तासात जाणवू लागतो. पोटात गेलेल्या भांगेचे तसे नाही. तिचा परिणाम सुरू होण्यास अर्धा तास ते दोन तास लागतात, तो शिखरावर पोहोचतो दोन ते चार तासांनी आणि सहा-आठ तास, कधी त्याहूनही अधिक टिकतो. यकृतात टीएचसीचे रूपांतर अशा द्रव्यात होते, जे मेंदूवर मूळ द्रव्याइतकाच किंवा अधिक प्रभाव दाखवते. नवखा माणूस इथेच फसतो. पहिला पेला घेऊन तासभर झाला, काही वाटत नाही म्हणून दुसरा घेतला जातो. मग मद्य घेतले जाते. आणि दुपारी तिन्ही एकदम अंगावर येतात.

मद्याच्या संगतीत टीएचसीचे रक्तातील प्रमाण वाढते, असे मानवी प्रयोगांत दिसून आले आहे. म्हणजे दोन्ही नशा केवळ शेजारी उभ्या राहत नाहीत, एक दुसरीला बळ देते. भोवळ, घाम, उलट्या, छातीत धडधड, भयाचा झटका, भ्रम, तोल जाणे ही त्याची रोजची लक्षणे. त्यात आणखी एक धोका लपलेला आहे. टीएचसीचा एक गुण उलटी दाबण्याचा आहे. अतिरिक्त मद्य बाहेर टाकण्यासाठी शरीराकडे जो शेवटचा उपाय असतो, तोच त्यामुळे दुबळा होऊ शकतो. आणि अर्धवट शुद्धीत उताणे पडलेल्या माणसाला उलटी झालीच, तर ती श्वासनलिकेत जाऊन प्राणावर बेतते.

हृदयविकार असणारे, झोपेची अथवा मानसिक आजाराची औषधे घेणारे, गर्भवती स्त्रिया आणि ज्यांच्या कुटुंबात छिन्नमनस्कतेसारख्या आजाराचा इतिहास आहे असे तरुण यांच्यासाठी हा पेला विशेष घातक. विशीच्या आतील मेंदूची घडण पूर्ण झालेली नसते, हेही विसरून चालणार नाही.

मग प्रश्न येतो वाहनाचा. मोटार वाहन कायद्यात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्यार्क ही मर्यादा आहे. ती ओलांडणाऱ्याला पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड वा सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. नाक्यावर पोलिसांच्या हाती असलेले श्वासयंत्र मद्य पकडते, भांग पकडत नाही. म्हणून दोन घोट मद्य आणि चार घोट भांग घेतलेला तरुण यंत्रातून सुटून द्रुतगती मार्गावर जातो, आणि त्याला वाटते आपण शुद्धीत आहोत. वस्तुतः अमली द्रव्याच्या प्रभावाखाली वाहन चालवणे हाही त्याच कलमाखाली गुन्हा आहे. यंत्र फसले तरी समोरून येणाऱ्या रिक्षातील कुटुंबाचे प्राण त्यामुळे सुरक्षित होत नाहीत.

ज्यांनी मोकळीक दिली त्यांनीही...

भांग-गांजाच्या मोकळिकीचा पुरस्कार करणारे कॅनडाचे उदाहरण हमखास देतात. ते उदाहरण पूर्ण द्यावे. कॅनडाने २०१८ साली या वनस्पतीला कायदेशीर मान्यता दिली आणि पुढच्या वर्षी तिच्या पेयांनाही परवानगी दिली. परंतु तिथल्या नियमांनुसार अशा एका वेष्टनात १० मिलिग्रॅमहून अधिक टीएचसी असता कामा नये, आणि त्या पेयात मद्यार्क मिसळता येत नाही. मद्यासारखी त्याची जाहिरातही करता येत नाही. ज्या देशाने दोन्हींना स्वतंत्रपणे मोकळीक दिली, त्यानेही दोन्हींना एका बाटलीत येऊ दिले नाही. तिथे मात्रा वेष्टनावर छापलेली असते. इथे ती बनवणाऱ्याच्या लहरीवर असते.

औषध म्हणून या वनस्पतीचा विचार करण्यास भारताची हरकत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगात २०२० च्या डिसेंबरमध्ये तिला सर्वाधिक कठोर सूचीतून काढण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी संमत झाला, आणि भारताने ठरावाच्या बाजूने मत दिले. वैद्यांच्या देखरेखीखाली विजयायुक्त औषधे देता येतात. परंतु औषधाची दारे उघडणे आणि गच्चीवर पेले भरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीचा दाखला देऊन दुसरीचे समर्थन करणे हा बुद्धिभेद आहे.

बाटलीत काय आहे हे ठाऊक नसण्याची किंमत उपनगरांनी याआधीही मोजली आहे. २००४ साली विक्रोळीत आणि २०१५ साली मालाडच्या मालवणीत विषारी दारूने बळी घेतले. मालवणीतील मृतांची संख्या शंभराहून अधिक होती. तिथे घात केला मिथेनॉलने, भांगेने नव्हे. गेले ते बहुतांशी कष्टकरी होते, आणि सुखवस्तू घरांनी ती बातमी 'त्यांची' म्हणून वाचली. पण खुणेविना, मोजमापाविना आलेले मादक पेय विश्वासाने ओठांना लावणे ही चूक झोपडीत आणि मनोऱ्यात सारखीच असते.

घराने काय करावे?

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात १० ते ७५ वर्षे वयोगटात सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात, आणि भांग घेणारे सुमारे २.२ कोटी आहेत. इतक्या व्यापक गोष्टीकडे डोळेझाक करून ती नाहीशी होत नाही. केवळ धाक दाखवूनही होत नाही. मुलाला माहिती द्यावी लागते, आणि ती देण्याचा अधिकार वडीलधाऱ्यांना स्वतःच्या वागण्यातून मिळवावा लागतो. शनिवारी रात्री दिवाणखान्यात पेला भरणाऱ्या पित्याने धुळवडीच्या दिवशी मुलाला संयमाचा उपदेश केला, तर तो मुलाच्या कानापर्यंतही पोहोचत नाही.

गृहसंकुलाच्या समितीने सणापूर्वीच्या बैठकीत काही साध्या गोष्टी ठरवाव्यात. सार्वजनिक थंडाईत भांग नसेल, हे फलकावर लिहावे. गच्चीची किल्ली त्या दिवशी जबाबदार व्यक्तीकडे असावी. रंग संपल्यावर तरुणांसाठी खेळ, भोजन, गाणी असा कार्यक्रम आखावा, कारण रिकामी दुपार हीच गच्चीची वाट दाखवते. आणि एक गोष्ट मुलामुलींना ठामपणे सांगावी : कोणाच्या नकळत त्याच्या पेल्यात मादक द्रव्य मिसळणे ही थट्टा नव्हे. अपाय करण्याच्या हेतूने तसे केल्यास भारतीय न्याय संहितेनुसार १० वर्षांपर्यंत कारावास आहे.

इतके करूनही प्रसंग ओढवलाच, तर लाज बाळगू नये. माणसाला एकटे सोडू नये; कुशीवर निजवावे; लोणचे, लिंबू, कडक कॉफी यांचे प्रयोग करू नयेत; मुद्दाम उलटी काढू नये. श्वास मंदावला, हाक मारूनही जाग येत नसेल, छातीत दुखत असेल किंवा झटके येत असतील, तर तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी, अथवा राजावाडी, कूपर यांसारखे जवळचे रुग्णालय गाठावे, आणि काय घेतले ते डॉक्टरांना खरे सांगावे. "काही तरी खाण्यात आले असेल," या एका खोट्या वाक्याने उपचाराचा मोलाचा वेळ जातो.

सवय जडलेली असेल तर मार्ग बंद नाही. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा निःशुल्क राष्ट्रीय क्रमांक आहे. अमली पदार्थांच्या विक्रीची माहिती १९३३ वर देता येते. डॉक्टर सुनंदा आणि डॉक्टर अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात उभारलेल्या मुक्तांगणने असंख्य मराठी घरांना दाखवून दिले आहे, की व्यसनी माणूस हा गुन्हेगार नसून रुग्ण आहे, आणि तो बरा होतो. कायद्यानेही स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीन व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूद ठेवली आहे.

होळीत जाळावयाचे असते ते मनातील किल्मिष. दुसऱ्या दिवशी संकुलातील कोणत्याही घरी रुग्णवाहिका आली नाही, सगळी मुले रंगलेल्या तोंडांनी पण आपल्या पायांनी जेवायला घरी परतली, तर सण सुखरूप पार पडला असे म्हणता येईल. त्यासाठी यंदाच्या बैठकीत हा विषय कोणी तरी काढावा लागेल. तो काढणाऱ्याला क्षणभर 'जुन्या वळणाचा' म्हणून हसतीलही. त्याने तो तरीही काढावा.